बंड्याचं अपेंडिक्स म्हणे!

शनिवार, श्रूजबरी

बंड्या हॉस्पिटलमधून घरी आला. गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं, पोटाला टाके, तरी शेपटी हलवतोय. माझा संताप कुत्र्यावर नाही, नवऱ्यावर आहे.

बंड्या पिल्लू होता तेव्हाच डॉक्टर म्हणाली होती, याचं एक वृषण खाली उतरलेलंच नाही, पोटात अडकलंय, पुढे त्रास होईल, दोन्ही काढून टाका. समीर केवढा कळवळला! "बिचाऱ्याला कशाला, यार?" दरवर्षी तेच. मी अपॉइंटमेंट घ्यायची, यानं कॅन्सल करायची. बिचाऱ्याला कशाला!

परवा बंड्या ओकायला लागला, पोटाला हात लावू देईना. समीर म्हणे, गॅस झालाय. गॅस! ऑपरेशननंतर डॉक्टरनं फोटो दाखवला. आतल्या वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा बंद झालेला, सुजून काळंठिक्कर पडलेलं. आणखी उशीर केला असता तर कुत्रा गेला असता, म्हणाली. समीर फोटोकडे बघेचना. पाय आवळून बसला होता. दुखत कुणाला होतं, याला की बंड्याला?

आणि मघाशी सासूबाईंना फोनवर काय सांगावं? "काही नाही गं आई, बंड्याचं अपेंडिक्स काढलं."

मला राहवेना. स्वयंपाकघरातून ओरडले, "आई, वृषणं काढली त्याची, वृषणं!"

फोन स्पीकरवर होता. मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील.

"अगं, मग पिल्लू असतानाच नाही का काढायची?" सासूबाई म्हणाल्या. "उगाच हाल केलेत त्याचे. बिचारा!"