टबाचा फ्यूज माझ्याजवळ आहे

आदिनाथ,

टबाचा फ्यूज काढून मी सोबत नेतेय. शोधत बसू नकोस आणि त्याजागी तार खोचायची अक्कल चालवू नकोस. बोअर त्याच लाइनवर आहे, म्हणजे आज मोटर चालणार नाही. कांदा एक दिवस तहानला तर मरत नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याचा टब आणलास, चांगलं केलंस. पण जोडण्याआधी मला एक फोन करायला काय झालं होतं? बारा वर्षं लोकांच्या घरांची वायरिंग करतेय मी, आणि माझ्याच माहेरी अर्थिंगची हिरवी वायर गुंडाळून, वर टेप मारून ठेवलेली! अशा टबाला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर लागते, नीट अर्थिंग लागतं आणि करंट गळला की आपोआप पडणारा खटका तर लागतोच लागतो. तो खटका होता की! आई पाण्यात बसून नळाला हात लावायची तेव्हाच तो पडायचा, म्हणून वैतागून तू तोच काढून टाकलास. अरे, तो उगाच पडत नव्हता.

मी सामान आणायला श्रीगोंद्याला चाललेय. सकाळी आई माझ्या कानात म्हणाली, "पाण्यात बसलं की पायाला झिणझिण्या येत्यात बघ. लई गुण येतोय. आदिनाथला आत्ताच सांगू नको, पुरतं बरं वाटलं की मीच सांगीन."

ती आत झोपलीय. उठली की त्या झिणझिण्या कसल्या होत्या, ते तूच सांग तिला.

आक्का