आठ पेट्यांचे नवे तळपाट

१४ ऑक्टोबर २०२४

मेणकिडा! तीन नंबरच्या पेटीत निम्मं पोळं जाळ्यांनी भरलंय. तळाशी चुरा साचतो, त्यात कीड वाढते. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी पेट्या हातात ठेवल्या, फोटो काढले आणि गेले. आत साचलेला कचरा माश्यांनी कुठून बाहेर काढायचा, याचा विचार करायला वेळ कुणाला!

दादांना दाखवलं. माझ्या बापानं एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं सुतारकाम केलंय. पेटी उलटी करून खालच्या फळीवर टिचकी मारत म्हणाले, "ह्यो तळपाटच काढून टाकू. जाळी बसवू, खाली सरकता ट्रे. कचरा पडला की वढायचा अन् फेकायचा." रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कानावर पेन्सिल चढली.

२६ ऑक्टोबर

चार तळपाट झाले. दादांना जेवायला तीनदा हाका माराव्या लागतात. मी अंगणवाडीतून येते आणि नुसता भुसा झाडते.

९ नोव्हेंबर

आठही पेट्यांना नवे तळपाट बसले. एकच डंख, तोही नाकावर. दादा पोट धरून हसले. फार दिवसांनी.

१० नोव्हेंबर

तूर फुलायला लागली. म्हणजे शेजारच्या देविदासच्या बांधावर जाऊन हात जोडायचे दिवस आले. मागच्या वर्षी यानं भर सकाळी तुरीवर विष फवारलं, तीन पेट्या गेल्या. वर तोंड करून म्हणाला, "मला काय म्हाईत!" या वर्षी आधीच गेले. म्हटलं, फवारायचं तर संध्याकाळी, आणि आदल्या दिवशी सांगा, मी पेट्यांची दारं बंद करीन. "हाव ताई, सांगतो की." त्याची बायको अंबिका म्हणाली, "म्या ध्यानात ठिवते." तिच्यावर विश्वास आहे. त्याच्यावर काडीचाही नाही.

१९ नोव्हेंबर

पाच नंबरच्या दारात मेलेल्या माश्यांचा ढीग. जिभा बाहेर. काही अजून गोल गोल फिरतात, उडायला जातात, पडतात. हे मरण मी ओळखते. मागच्या वर्षी पाहिलंय.

२० नोव्हेंबर

आज दोन आणि सात.

तडक देविदासकडे गेले. फवारणीचा पंप ओसरीत पालथा. धुऊनपुसून ठेवलेला! "ताई, औंदा म्या अजून फवारलंच न्हाई." मी म्हटलं, मागच्या वर्षीही तुम्हाला काही माहीतच नव्हतं. तेव्हा त्यानं पोरीला जवळ ओढलं. अयोध्या, चार वर्षांची, माझ्याच अंगणवाडीत येते. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हिची शपत."

मी म्हटलं, "खोटं बोलून लेकीला कशाला मारता?"

अंबिकेनं पोरीला उचलून आत नेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझं काय चुकलं? शपथ त्यानं घेतली!

२४ नोव्हेंबर

आठही गेल्या. शेवटच्या पेटीत राणी होती, भोवती मूठभर माश्या तिला धरून. दुपारी पाहिलं तर त्याही नाहीत. रडले. दादा खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग गिरणीत सांगितलं, बचतगटात सांगितलं, सरपंच लिंबाजींना सांगितलं. त्यांनी देविदासला चार माणसांत बोलावून झाडलं. तो मान खाली घालून उभा. मला बरं वाटलं. या वहीत कुणापासून लपवायचं? खूप बरं वाटलं.

३ डिसेंबर

अयोध्या आठ दिवस अंगणवाडीत नाही. मदतनीस विचारून आली. अंबिका म्हणाली म्हणे, "लेकरू भेतंय ताईला. ताई म्हणली तू मरशील, असं म्हणून राहिलंय."

मी असं कुठं म्हटलं होतं? शब्द फिरवण्यात नवराबायको सारखेच!

८ डिसेंबर

लिंबाजींच्या मळ्यात कडुलिंबाच्या ढोलीत सातेरी मधमाश्या बसल्यात. उद्या काढून आणायच्या. हरणार नाही मी. दादांना म्हटलं, एक पेटी स्वच्छ धुऊन द्या.

९ डिसेंबर

दादा म्हणाले, "धुतली. जरा दम धर, तळपाटाला परत औषध मारतो."

कसलं औषध?

"वाळवीचं. आठीच्या आठी तळपाटांना दोन-दोन हात मारले व्हते की. तुला वास सोसत न्हाई, म्हणून तू आंगणवाडीत गेल्यावर मारायचो, उन्हात वाळवायचो. वीस वर्सं लाकडाला काय व्हायचं न्हाई, बघ."

मी म्हटलं, आता नको दादा, असू द्या. ब्रश त्यांच्या हातातून घेतला. चपला घातल्या. देविदासचं घर शंभर पावलांवर. अंबिका अंगणात भांडी घासत होती. मला येताना पाहिलं आणि तिनं पोरीला आत जायला सांगितलं.