कावळ्याचा नियम

रविवार, संध्याकाळ. बारामती, १९९७.

नियम मीच केला होता. आमच्या फाशांच्या खेळात गोष्ट मी सांगायचो आणि बाकीचे एकेक वीर चालवायचे; सगळ्यांचे वीर विसाव्या लेव्हलला पोचलेले. मी कसलाही राक्षस सोडला तरी कुणी भीत नव्हतं. कुणी मेला की माझा मित्र दत्ता चालवायचा तो पुजारी मंत्र म्हणायचा आणि चहा यायच्या आत त्याला उठवायचा. मरणाला काही वजनच उरेना. म्हणून मागच्या महिन्यात वहीत लिहिलं: दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंतच मंत्र चालेल, नंतर नाही. सगळे हसले. दत्ताही हसला.

आज बावडा गावी दत्ताच्या वडिलांचा दहावा होता. नदीवर तासभर कावळा शिवेना. चुलते म्हणाले, "दत्ता, बोल की. बहिणीचं लगीन करतो म्हण." मी शेजारी उभा. दत्ता हळूच मला म्हणाला, "अजून शिवला न्हाय. म्हंजी येळ हाय."

वजन हवं होतं ना मला?

मग कावळा उतरला आणि शिवला. लोक हात जोडून चपला शोधायला लागले. खेळात निकाल विचारताना बघतो, तसं दत्तानं माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. नाही.