नव्या फुटलेल्या नसा

चोपडा, मंगळवार संध्याकाळ

आज माझ्या वडिलांना, नानांना, जळगावला किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. किडनीचा तुकडा काढून तपासायला दिला होता, त्याचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, "डायबेटीसमुळे किडनीत नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात."

नव्या म्हटल्यावर नानांचा चेहरा खुलला. "नवं फुटतंय म्हणजे किडनी सुधारतेय ना?"

"नाही नाना," डॉक्टर म्हणाले. "त्या कच्च्या असतात, गळतात. त्यांनी किडनी आणखी खराब होते."

पण घरी पोचल्यावर दारात आईनं विचारताच नाना हसून म्हणाले, "नव्या नसा फुटी राहिन्यात. किडनी जित्ती शे मनी!" आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. नानांना कळलंच नाही का? आता मीच सांगायचं? नव्या, नव्या... त्या शब्दाचाच राग आला.

मागच्या अंगणात त्यांना गाठलं. "नाना, डॉक्टर म्हणाले ते..."

"माले बठ्ठं समजनं," ते हळूच म्हणाले. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. "तुनी मायले आजना दिन हसू दे. सकाय मीच सांगसू."

मग तोंड धुवायला गेले, ते बराच वेळ नळ चालू ठेवून नुसते उभे राहिले. मी जवळ गेले नाही.