मंगरूच्या खुलाशातला एक शब्द

२० ऑक्टोबर, रविवार

मंगरू येऊन गेला. पायरीवरच बसला. खुर्ची दिली तर म्हणे, "राहू द्या जी, पाय चिखलाचे हायेत." हातात पाणी संस्थेची नोटीस. तीस वर्षं गावच्या तलावाचा पानकर. तुडूम, म्हणजे तलावाचं दार, उघडून शेतांना पाणी सोडणं हे त्याचं काम. पाणी शुक्रवारी सुटायचं होतं. दोन तारखेच्या बुधवारीच सोडलं, आणि सोडण्याआधी हाक दिली नाही. शकुनबाई खालच्या डबक्यात मासोळ्या धरत होती. लोंढ्यानं दगडावर आपटली. जागीच गेली.

आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर काम गेलं. आणि पुढे पोलीस आहेतच.

"इंग्रजीत लिवा, सर. मराठीत गरिबाचा कागद कोणी वाचत नाही."

पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. त्या भाषेवर एवढा विश्वास असलेला माणूस पहिल्यांदाच भेटला!

२१ ऑक्टोबर, सोमवार

एकाच वाक्यावर अडलोय. मंगरूनं पाणी सोडलं — पण कसं सोडलं?

इंग्रजांनी चुकांसाठी काय दुकान मांडून ठेवलंय! 'इनॅडव्हर्टंटली' — लक्षच नव्हतं. 'अॅक्सिडेंटली' — करायचं नव्हतं, घडलं. 'अनविटिंगली' — आपण काय करतोय हे ठाऊकच नव्हतं. 'मिस्टेकनली' — समजलं एक, होतं दुसरं. 'एरोनिअसली' हा साहेबलोकांचा: चूक झाली खरी, केली कोणी ते विचारू नका. पूल पडला की हाच धावत येतो. आणि 'नेग्लिजंटली' — हा खालच्या माणसासाठी राखीव. चहा संपायच्या आत नोकरी खातो. त्याची घरगुती बहीण 'केअरलेसली'; ती मी पोरांच्या प्रगतिपुस्तकात फुकट वाटतो.

त्या सकाळी दाट धुकं होतं. मंगरूचं एकच म्हणणं. "धुईतून मालकाचा आवाज आला. मी सोडलं."

मालक म्हणजे मधुकरराव, पाणी संस्थेचे अध्यक्ष. चौकात भेटले. "मी तं त्या दिवशी भंडाऱ्याले होतो! बुढा आता भुताचे आवाज आयकून राहिला." मग माझ्या पाठीवर थाप. "सर, यंदा मंडईच्या नाटकात आमची नक्कल होऊन जाऊ द्या पण!"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

तेरवी होऊन आठवडा झाला. मेघा आज वर्गात आली. शकुनबाईची मुलगी, बारावीत आहे.

फळ्यावर हेच शब्द होते. सवयीनं लिहून बसलो होतो — पुसावेसे वाटले, पुसता आले नाहीत. तिनं सगळे वहीत उतरवले. मग हात वर केला.

"सर, माझ्या मायच्या वेळी याच्यातला कोणता लागते?"



"चौकशी चालू आहे," म्हणालो. मी! सरकारी कागदासारखा बोललो!

२३ ऑक्टोबर, बुधवार

लिहूनच टाकतो. कोण वाचणार आहे?

त्या बुधवारी सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो होतो. दाट धुई. तुडमापाशी मंगरू विडी ओढत बसलेला जेमतेम दिसला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मी दरवर्षी मधुकररावांची नक्कल करतो, आणि सगळ्यात मोठ्यानं हसतो तो मंगरू. तीच नक्कल ओठावर आली. धुईतूनच ओरडलो —

"मंगऱ्याऽ! सोड पाणी! बोंबलत नको बसू, काम कर!"

टाळ्या नेहमी त्या शेवटच्या वाक्याला पडतात.

"हो जी मालक!"

वाटलं, पठ्ठ्यानं ओळखलं, तोही नाटक करतोय. हसत घरी आलो. वळून पाहिलं नाही. वाटेत पेपरातल्या माझ्या शनिवारच्या सदराचा विषय जुळवत होतो.

तीस वर्षांत मंगरूनं हाक दिल्याशिवाय दार उघडलं नाही. तीनदा, पाळीवर उभं राहून — "पानी आलाऽऽ!" खालची माणसं, ढोरं बाजूला होत. त्या दिवशी दिली नाही. नको बोंबलू म्हणून मीच सांगितलं होतं!

आता घरातला नळ सोडतानाही हात थांबतो. कान हाकेची वाट पाहतात. येत नाही. ती न आलेली हाकच दिवसभर ऐकू येते.

खुलाशात 'मिस्टेकनली' लिहिलं. आवाज ओळखण्यात अर्जदाराचा गैरसमज झाला, वगैरे. खोटं एक अक्षर नाही. दर शनिवारी अख्खा जिल्हा सोलून काढणारा मी — स्वतःपुरता मऊ शब्द तीन दिवसांत शोधला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगरूला खुलासा मराठीत समजावून सांगितला. शाईचा पॅड पुढे केला. अंगठा लावला नाही. कागद परत माझ्याकडे सरकवला.

"मालक मले मंगरू म्हणते, सर. मंगऱ्या मी फक्त मंडईत. तुमच्या तोंडी. त्या दिवशी ध्यानात नाही आलं. शकुनच्या अर्थीमागं चालतानी आलं."

मग गुडघ्यावर हात टेकून उठला.

"इंग्रजी लिवणारे साकोलीत लय हायेत जी. मी तुमच्याच पायरीवर काहून आलो असन?"