पांडवलेणीत, बसल्या जागी

नाशिक, डिसेंबर २००४, शनिवार

आज मी पांडवलेणीत जाऊन आले! लहानपणच्या पोलिओमुळे तो डोंगर कधी चढता आला नाही. कॉलेजात इतकी वर्षं लेणी शिकवली ती फोटो दाखवूनच.

माझ्या एम.ए.च्या वर्गातल्या हरसूलच्या सोनालीनं आणि तिच्या मित्रांनी लेण्यांचे फोटो कॉम्प्युटरवर असे जोडलेत, की माउस फिरवला की आपण आत चालत गेल्यासारखं वाटतं. "मॅडम, गरगरलं तर सांगा, मी हाय इथं," ती म्हणाली.

आणि ते यक्ष! लेण्याच्या ओसरीखाली जोत्यात कोरलेले, तुळई खांद्यावर घेतलेले. फोटोत समोरून केवढे थोरले वाटायचे. इथे ते पायाशी निघाले, आपण त्यांच्या शेजारून वर चढतो. हे मला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही? कळणार तरी कसं?

"सहलीला आम्ही वर जायचो आणि तुम्ही खाली गाडीत बसायच्या. मला लय वाईट वाटायचं," सोनाली म्हणाली. "म्हणून पहिल्यांदा तुम्हालाच दाखवलं."

माझं खाली थांबणं कुणाच्या मनात राहिलं असेल, असं कधी वाटलंच नव्हतं. डोळे भरून आले. पोरीचे आभार मानायचेही राहिले. पुन्हा यक्षांपाशी गेले, तिला शेजारी बसवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेण्याच्या आत जाऊन तास घेतला.