मामंजी समोर बसलेत

आण्णा, आईच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. तुम्ही गेलात तेव्हा तिला फक्त शुगर होती. नंतर ती विसरायला लागली, आधी डाळीत मीठ, मग माणसं. आता दोन्ही आजार एकाच देहात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे डॉक्टरही तसेच. शुगरचे डॉक्टर म्हणतात, रोज विचारत जा, पायाला काही होतंय का. सोलापूरचे विसराळूपणाचे डॉक्टर म्हणतात, पेशंट सांगेल त्यावर विसंबू नका. एकाच्या फाईलीत दुसरा डोकावत नाही. मी दोन्ही फाईली एका पिशवीत घालून लोहाऱ्याहून एसटीनं जातो-येतो, आणि घरी पाय ठेवला की ती विचारते, "जेवायला देतूस का न्हाय रं?" ताट नुकतंच उचललेलं असतं. इन्सुलिनची सुई दिली की जेवण द्यावंच लागतं, आणि दोनदा जेवली की शुगर चढते. दिवसातून वीस वेळा हेच भांडण. तुमची सून लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, त्यामुळं दोन महिने मी एकटाच. खरंच दमलोय, आण्णा.

दिवाळीनंतर आई एकाएकी शहाण्यासारखी वागायला लागली. डोक्यावरून पदर घ्यायची, मी घरात आलो की उठून भिंतीला लागून उभी राहायची. जेवण मागणं बंद, सुईवरून भांडणं बंद. मी पुण्याला फोन करून सांगितलं, आईला फरक पडलाय. पाणी काढून दिलं की आंघोळ तिची ती करायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी रोज विचारायचो, "काय दुखतंय का?" ती खाली बघून म्हणायची, "न्हाय जी." त्या 'जी'वर मी काही बोललो नाही.

तुम्हाला आठवत असेल, मी तिसरीत होतो तेव्हा तिला चुलीपुढं विंचू चावला होता. आजोबा बाहेरच्या खोलीत बसलेले. सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही म्हणून ती पदर तोंडात कोंबून भाकरी थापत राहिली. तुम्ही डेपोतून ड्यूटी संपवून घरी आलात तोवर तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता. आजोबांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, ते तुमच्याच्यानं झालंही नसतं. माझ्यावर मात्र ओरडलात, "आईच्या तोंडाकडं बघता येत न्हाय व्हय रं तुला?" मला तो अन्याय वाटला होता. अजूनही वाटतो. घरात मोठी माणसं होती आणि बोलणी मात्र मला.

या वेळी आधी वास आला. मला वाटलं कुठंतरी उंदीर मेलाय. पलंगाखाली वाकून शोधलं, तेव्हा तिच्या पायाभोवती माशा दिसल्या. लुगड्याचा काठ उचलायला गेलो तर तिनं पाय आत ओढून घेतला आणि इतकी लाजली की मीच मागं सरलो. जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टरनं विचारलं, ही गप्पच. शेवटी सिस्टर म्हणाली, "काका, तुमी जरा भाईर थांबा बरं." मी बाहेर गेलो आणि दारामागून तिचा आवाज ऐकला, कित्येक दिवसांत एवढा मोठा नव्हता ऐकला. "लई ठणकतंय गं बाई. पर सांगू कसं, मामंजी समोर बसलेत." सिस्टर बाहेर आली. "मामंजी कोन हो? आजी कुनाला म्हनत्यात?"

"काय की," मी म्हणालो. "तिला आता कुनी बी दिसतं."

मला माहीत होतं, आण्णा. टक्कल, पांढऱ्या मिशा, आरशात मलाही आजोबाच दिसतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मामंजी, पानी देऊ का?" मी तुझा लेक आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं, म्हणून 'दे' म्हणालो. मग लक्षात आलं की मामंजींशी ती भांडत नाही, त्यांच्याकडं काही मागत नाही. तीन आठवडे मी निवांत पेपर वाचला आणि तिची करंगळी तेवढ्यात सडली. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, तुमच्या सुनेलाही नाही. तुम्हाला हे पोचायचं नाही, म्हणून लिहिता तरी आलं.

आता रोज पट्टी सोडून पाय बघतो. पण आज सकाळी सुई बघून ती किंचाळली, माझा हात ओरबाडला, "कोन हायस तू?" म्हणाली. मी बाहेर गेलो. दारात चपला वाजवल्या आणि आजोबांसारखा खाकरत आत आलो. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि दंड पुढं केला.